मीटरचा उजेड

१

अल्का मेश्रामच्या ट्रकमधलं मीटर संध्याकाळ झाली की आंधळं व्हायचं. काटे आपापल्या जागी फिरत असायचे, पण काचेमागचा उजेड इतका पिवळा आणि मरतुकडा, की वेग किती, डिझेल किती, इंजिन किती तापलंय, सगळं अंदाजानंच ओळखायचं. जुन्या गाड्यांचं असंच असतं, असं सगळेच ड्रायव्हर म्हणत. तिचा नवरा हिरालाल त्याच मीटरसमोर बसून म्हातारा होत आला होता, आणि त्याने कधी तक्रार केली नव्हती.

आता हिरालाल घरी खाटेवर होता. मागच्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला, तोही गाडी चालवताना. गोंदियाहून सडक अर्जुनीला परत येता येता उजवं अंग गेलं, आणि तरी त्याने ट्रक घरापर्यंत आणला, अंगणासमोर रोजच्या जागी उभा केला. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा इंजिन चालू होतं आणि हिरालाल सीटवर एका बाजूला कलंडलेला होता. गावाला त्याचं अजून कौतुक होतं. अर्धं अंग गेलं पण पठ्ठ्यानं गाडी सोडली नाही, असं चहाच्या टपरीवर आजही कोणी ना कोणी बोलायचंच.

ट्रकला गिऱ्हाईक आलं तेव्हा अल्काने किल्ली दिली नाही. तिचे वडील ट्रॅक्टरवर होते. माहेरी धानाची ट्रॉली तिने किती वेळा ओढली होती. हिरालालच्या शेजारी बसून बसून ट्रकही तिच्या हाताखाली येऊ लागला होता. तिने हेवीचं लायसन काढलं. लोक आधी हसले, मग बघत राहिले, मग त्यांना सवय झाली. गोंदियाच्या घनश्यामशेठने त्याच्या राईस मिलचं धान वाहायचं काम तिच्याकडेच राहू दिलं, पण एक गोष्ट तोंडावर सांगितली. "बाई म्हणून सवलत नाही. गाडी रस्त्यात खोळंबली, तर दुसरा ट्रक लावीन."

आणि दोन हजार अकराच्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, गाडी खोळंबली. मुरदोलीच्या जंगलात दिवेलागणीला इंजिनातून वाफ उसळली. इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा केव्हाच लाल पट्ट्यात गेला होता. अल्काला तो दिसलाच नव्हता. तिने इंजिन थंड होऊ दिलं, नाल्यावरून डबाभर पाणी आणून ओतलं आणि कशीबशी मिल गाठली. शेठने घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी धान उतरवून ती सरळ मुन्नालालच्या दुकानी गेली.

२

मुन्नालाल हा गोंदियाचा ऑटो इलेक्ट्रिशियन. त्याने मीटरची पाटी खोलली, मागे हात घालून एक बल्ब पिळून काढला, उन्हात धरला आणि हसला.

"भाभी, बल्ब तो अच्छा है. ये देखो."

बल्बच्या काचेवर काळा रंग होता. नीट ब्रशने मारलेला, फक्त टोकाला टिकलीएवढी जागा मोकळी. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांना तसाच रंग होता.

"कोणी लावला असंल?" अल्काने विचारलं.

"और कौन? हिराभाई ने. कुछ ड्रायव्हर लोगों की आँख में चुभता है रात को."

अल्काला ते पटलं. हिरालालला डोळ्यांवर उजेड सहन होत नसावा. सांगितलं नाही, एवढंच. नवरे कुठे सगळं सांगतात?

मुन्नालालने एलईडी काढले. हरभऱ्याएवढे दिवे, पांढरेशुभ्र. एक लावला तो पेटलाच नाही, त्याने तो फिरवून उलटा बसवला आणि म्हणाला, "इसका प्लस-मायनस होता है. सीधा बैठा तो जलेगा." सगळे बसवून त्याने स्विच दाबला. भर दुपारीसुद्धा मीटरचे आकडे असे उमटले की अल्काच्या तोंडून "आई वं!" निघालं. काटा, खुणा, लाल पट्टा, काचेवरचा जुना ओरखडा, सगळं लख्ख.

मीटरवरची सावलीची टोपी कधीच तुटून गेली होती. नवी लावू का, असं मुन्नालालने विचारलं. उजेड वर जातो म्हणाला, छताला लागतो.

"लागू दे," अल्का म्हणाली. "उजेडाचं काय वावडं?"

३

त्या दिवशी परतीचा रस्ता तिला सणासारखा वाटला. वाटेतलं गोरेगाव सोडलं तेव्हा दिवस मावळला होता, धानाच्या मोकळ्या बांध्यांवर धुकं उतरत होतं आणि समोर पाण्याचा काटा जागच्या जागी शहाण्यासारखा बसला होता. ती मधून मधून उगाच त्याच्याकडे बघायची.

मुरदोलीच्या अलीकडे चढ लागला. तिने डावा हात काढून गिअर बदलला आणि सहज वर पाहिलं.

छतावर स्टिअरिंगची सावली पडली होती. मोठी, गोल आणि धारदार. जुन्या बल्बच्या उजेडात ती कधी दिसलीच नसती. त्या गोलावर दोन हातांच्या सावल्या होत्या. उजवा आणि डावा.

तिचा डावा हात अजून गिअरवर होता.

तिने हात परत स्टिअरिंगवर ठेवला. छतावरची डावी सावली जरा जाड झाली, इतकंच. अल्काने मान खाली घातली आणि रस्ता धरला. एलईडी एक नाही, चार आहेत, ती मनाशी म्हणाली. चार दिवे, चार सावल्या. एकीत एक मिसळते, काही मागे राहिल्यासारखी वाटते. तिच्या घरात भूत, भानामती, देवी अंगात येणं, असलं काही चालत नसे. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षीच घरातला सगळा ताईत-दोरा नाल्यात सोडला होता. दिव्याची सावली पडते, त्यात घाबरायचं काय?

तरी घरापर्यंत तिने पुन्हा वर पाहिलं नाही. आणि घरासमोर उतरताना तिच्या लक्षात आलं, की आज खांदे दुखत नव्हते. या ट्रकचं स्टिअरिंग म्हणजे दगडी जातं. रोज उतरताना दंड भरून यायचे. आज गाडी लोण्यातून आल्यासारखी आली होती.

४

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी भरलेली गाडी ओढताना अंग पिळून निघायचं. संध्याकाळी दिवे लावले की स्टिअरिंग हलकं व्हायचं. वळण यायच्या आधीच चाकं वळायला लागायची. अल्काने टायरची हवा तपासली, पुढचा लोड तपासला. रिकामी गाडी हलकी लागणारच, हेही तिला ठाऊक होतं. पण पूर्वी रिकामी गाडी इतकी हलकी लागत नव्हती.

एका संध्याकाळी ती घरासमोर पोहोचली आणि तिला आठवेना की कोहमाऱ्याचा चौक कधी गेला. हायवेला लागायचं, ट्रकांच्या रांगेत घुसायचं, तेवढं सगळं तिने केलं असणारच. पण त्यातलं काहीच डोक्यात नव्हतं. गोरेगावच्या टपरीवरचा चहा आठवत होता, आणि त्यानंतर एकदम आपलं अंगण.

सकाळी चूल पेटवताना तिच्या उजव्या हाताच्या बोटांतून काडी निसटली. बोटं जड झाली होती, जणू दुसऱ्या कोणाची. ती त्यांना चोळत बसली. थंडी आहे, ती म्हणाली. सासू रुक्माबाई चुलीपलीकडून बघत होती. म्हातारीने उठून चूल पेटवली. मग तिने अल्काचा हात आपल्या हातात घेतला आणि आचेवर धरला, बराच वेळ.

त्या दिवशी मिलमध्ये गाड्यांची रांग होती. अल्काचा ट्रक गोदामात आत घेतला गेला आणि मागे दुसरी गाडी लागल्याने दाराचा उजेड अडला. आत दुपारीही सांज झाली होती. हमाल जेवायला गेले होते. अल्काने विचार केला, आता बघूनच टाकू.

तिने इंजिन बंद ठेवलं, फक्त मीटरचे दिवे लावले. छतावर गोल उमटला. गोलावर तिचे हात. तिने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग उजवा. दोन्ही हात मांडीवर, आणि तिने वर पाहिलं.

गोल रिकामा नव्हता.

दोन हातांनी तो धरला होता. तिच्यापेक्षा लांब बोटं, आणि धरण्याची पद्धत वेगळी, अंगठे आतल्या बाजूला. पहिल्यांदा तिच्या मनात जे आलं त्याने तिला भीती नाही, रडू आलं. हिरालाल. घरी पडलेल्या माणसाचे हात इथे राहून गेले असतील, असं वेडं काहीतरी. पण हिरालालच्या डाव्या हाताची करंगळी कधीतरी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात चिरडून अर्धी झाली होती. छतावरची बोटं सगळी पुरी होती.

ती बघत असतानाच त्यातलं एक बोट सावकाश उचललं गेलं, आणि पुन्हा गोलावर टेकलं. ताटकळलेला ड्रायव्हर वाट बघताना करतो तसं.

खाली, तिच्या डोळ्यांसमोर, खऱ्या स्टिअरिंगवर काही नव्हतं.

"अल्काबाई, गाडी पुढं घ्या!" बाहेरून हमाल टिकाराम ओरडला. तिने दिवे बंद केले. किल्ली फिरवायला उजवा हात वापरला, तर तो दोनदा घसरला.

५

घरी येऊन ती हिरालालच्या खाटेशी बसली. लकव्यापासून त्याची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून काढावा लागे.

"मीटरच्या बल्बले रंग तुमीच लावला होता का?"

हिरालालने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"काऊन लावला? मले सांगा. मी आता पांढरे लावले हायेत."

त्याचे डोळे एकदम उघडले. डाव्या हाताने त्याने तिचं मनगट पकडलं. "काढ," तो म्हणाला.

"काढून काय होते? दिसत नाइ, येवढंच होते ना? ते तर तिथंच राहते."

त्याने छताच्या कौलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हलकं... वाटे."

"मालूम हाय मले. मलेबी वाटून राहिलं."

"मी..." त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "मी... नाइ... आणली."

अल्काला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ड्रायव्हर असल्यामुळे सगळंच कळलं. त्या दिवशी त्याचं उजवं अंग गेलं होतं. ब्रेक उजव्या पायाने दाबतात. गेलेल्या पायाने त्याने कोहमाऱ्याच्या गर्दीत ब्रेक कसा दाबला असेल, अंगणासमोर इतक्या नेमक्या जागी गाडी कशी थांबवली असेल, हे गावात कोणीच कधी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"अंग जायच्या आधी हात जड लागत होते का? सकाळी?"

त्याने मान हलवली. हो.

रुक्माबाई दारात उभी राहून ऐकत होती. "पोरी, आपल्या इथल्या प्रतापगडले जाऊन येऊ," ती हळूच म्हणाली. "दर्ग्यावर सगळेच जातेत. आपल्या लोकायतलेबी जातेत, मी पाह्यलं हाय."

"नाइ, आई."

"मंग इकून टाक ते गाडी."

"इकली तर दुसरा कोणी बसंल तिच्यात. त्याले काय सांगू मी?" अल्का उठली. "अन् आपण काय खाऊ?"

त्या रात्री तिने ठरवलं. बल्ब काढायचे नाहीत. ज्याच्याशी झगडायचं, ते दिसलं तर पाहिजे. आणि संध्याकाळी स्टिअरिंग हलकं लागलं की समजायचं, की आपण चालवत नाही आहोत.

६

हिरालालला गोंदियाच्या डॉक्टरला दाखवायची तारीख आली. बसमध्ये त्याला चढवणं-उतरवणं शक्य नव्हतं. अल्काने त्याला ट्रकमध्येच, शेजारच्या लांब बाकावर अगदी मधोमध बसवलं आणि पडू नये म्हणून आपल्या जुन्या ओढणीने पाठीच्या दांडीला बांधलं. जाताना ऊन होतं. त्याने सारा रस्ता मन लावून बघितला.

दवाखान्यात वेळ गेला. परतताना गोरेगावलाच दिवे लावावे लागले. पांढरा उजेड छतावर गेला, आणि हिरालालने मान खाली घातली ती वर केली नाही.

स्टिअरिंग हलकं झालं.

अल्काने मूठ आवळली. समोर उजवं वळण येत होतं आणि गोल आपोआप उजवीकडे फिरू लागला होता, सुबक, नेमका, तिने फिरवला असता त्याहून चांगला. तिने तो अडवला. पुढच्या चाकांनी डांबर खरवडल्याचा आवाज आला आणि गाडी झोला खाऊन रस्त्याच्या कडेला गेली. हिरालालच्या तोंडून घोगरा आवाज निघाला.

"सोड," ती मोठ्याने म्हणाली. छताकडे न बघता, रस्त्याकडे बघत. "मी चालवीन हे गाडी."

गोल फिरतच राहिला. तिने सीटवरून अर्धी उठून सगळं वजन उजव्या हातावर टाकलं. बोटांना काही जाणवत नव्हतं, म्हणून तिने मनगट आऱ्यांत अडकवलं. समोरून एका बसचे दिवे आले, मोठे झाले. अल्काला हवं होतं डावीकडे, आणि गोलालाही डावीकडेच जायचं होतं. दोघांचंही म्हणणं एकच होतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. सोडून दिलं असतं तर बस सुखरूप गेली असती. तिने सोडलं नाही. स्वतःच्या हाताने, वेडंवाकडं, उशिरा, तिने गाडी डावीकडे ओढली. बस हॉर्न देत इतक्या जवळून गेली की आरसा थरथरला.

"मले नाइ पायजे तुही मदत," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आयकलं? चुकली तर मी चुकीन. माह्या नवऱ्याचा हात खाल्ला, माहे नाइ देत. सोड!"

आणि स्टिअरिंग जड झालं.

एका क्षणात, दगडासारखं. खांद्यातून कळ निघून पार बोटांच्या टोकांपर्यंत गेली आणि बोटं जळजळायला लागली, गारठलेले हात विस्तवाजवळ धरल्यावर जळजळतात तशी. अल्का रडली आणि हसली. दुखत होतं. तिचं तिला दुखत होतं. तिने गाडी सावकाश कडेला घेतली, थांबवली, आणि मग वर पाहिलं.

छतावर गोल होता आणि त्यावर दोनच हात. तिने डावा उचलला. सावलीचा डावा उचलला गेला. उजवा उचलला, गोल रिकामा झाला. साधी, शहाणी सावली.

"गेलं वो," ती म्हणाली. "पाहा ना वर. गेलं."

७

हिरालालने वर पाहिलं नाही. तो आपल्या उजव्या बाजूला बघत होता, तिच्या आणि आपल्या मधल्या जागेकडे. तिथे बाकावर गोधडीची घडी होती, बाकी काही नाही. बाहेर जंगल गप्प होतं. गरम इंजिन टकटक करत निवत होतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

डाव्या हाताने त्याने पाठीमागची ओढणी चाचपली, गाठ शोधली, आणि दातांनी धरून सोडवली. अल्का पुढे झाली, पण त्याने डाव्या हातानेच तिला थांबवलं. मग त्याने आपला मेलेला उजवा पाय गुडघ्याखाली धरला आणि उचलून पलीकडे ठेवला. कण्हत, बाक धरत, तो खिडकीकडे सरकला. एकदा. आणखी एकदा. दाराला पार चिकटून बसला आणि लुळा उजवा हात उचलून त्याने स्वतःच्या मांडीवर नीट आवरून घेतला.

गर्दीच्या बाकावर कोणाला तरी बसायला जागा करून देतात, तसा.

गोधडीच्या घडीला मध्ये एक खळगा पडला होता. मीटरच्या लख्ख उजेडात तो हळूहळू खोल होत गेला, आणि मग थांबला.

अल्का त्याकडे किती वेळ बघत राहिली कोण जाणे. सडक अर्जुनी अजून लांब होतं. घरी रुक्माबाई वाट बघत असेल. सकाळी मिलचं धान भरायचं होतं. तिने पदराने तोंड पुसलं, किल्ली फिरवली, पाण्याचा काटा पाहिला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. ते जड होतं, तिच्या वाट्याचं होतं. क्लच दाबला.

गिअरचा दांडा तिच्या आणि गोधडीच्या मधे होता. तिने कोपर अंगाशी घट्ट धरलं, कोणाला लागू नये अशा बेताने हात नेला, आणि गाडी पहिल्यात टाकली.